बालकांमधील कॅथेटर अ‍ॅब्लेशन आणि त्यानंतरचे हृदयतालाचे प्रश्न : शिक्षकांसाठी एक परिचय

प्रस्तावना

वर्गात बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या छातीत अचानक धडधड सुरू होते. चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी जशी सुरू झाली तशी ती एकदम थांबते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी नेहमीसारखी झालेली असते, त्यामुळे ईसीजीत काहीच सापडत नाही. 'परीक्षेची भीती', 'अशक्तपणा', 'मुलगी घाबरट आहे' असे निष्कर्ष काढले जातात आणि असे वर्षानुवर्षे चालते. यांपैकी काही मुलांच्या हृदयात जन्मापासून एक जादा विद्युतवाट असते, आणि ती नेमकेपणाने नष्ट करण्याचा उपाय गेली तीन दशके उपलब्ध आहे. या उपायास कॅथेटर अ‍ॅब्लेशन म्हणतात.

हा उपाय परिणामकारक आहे, मात्र पूर्णपणे निर्धोक नाही. ज्या तालाच्या बिघाडासाठी तो केला जातो, त्याऐवजी क्वचित तालाचाच दुसरा बिघाड मागे राहू शकतो. प्रस्तुत लेखात हे बिघाड कोणते, ते का होतात, किती प्रमाणात होतात आणि अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत शिक्षकाने काय जाणून घ्यावे, याचा थोडक्यात आढावा घेतला आहे. ज्या समुदाय महाविद्यालयांत आरोग्यसहायक किंवा ईसीजी तंत्रज्ञ यांसारखे अभ्यासक्रम चालतात, तेथील अध्यापकांना ही माहिती वर्गातही वापरता येईल.

हृदयाचा ताल कसा चालतो?

हृदयाचे चार कप्पे आपण शालेय पुस्तकापासून जाणतो : वरचे दोन अलिंद व खालची दोन निलये. ते ठरावीक क्रमाने आकुंचन पावावेत यासाठी हृदयाची स्वतःची विद्युतव्यवस्था असते. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात एसए नोड ही पेशींची गाठ आहे. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली तिचे वर्णन केले. प्रत्येक ठोक्याचा संकेत येथून निघतो. अलिंदांतून पसरून तो एव्ही नोड या दुसऱ्या गाठीपाशी येतो. जर्मनीत संशोधन करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०६ साली या गाठीची रचना स्पष्ट केली. येथे संकेत क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे निलयांत रक्त भरण्यास वेळ मिळतो. तेथून विल्हेल्म हिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंतूंच्या जुडीतून तो निलयांत उतरतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. निरोगी हृदयात अलिंदे व निलये यांच्यामध्ये विद्युतरोधक तंतुमय थर असतो आणि तो ओलांडण्याची वाट एकच असते, ती म्हणजे एव्ही नोड व हिसची जुडी. पुढील सर्व विवेचन या एकाच वस्तुस्थितीवर आधारलेले आहे.

ताल का बिघडतो?

काही मुलांत गर्भावस्थेतच या रोधक थरात स्नायूचा एक बारीक धागा शिल्लक राहतो. हीच जादा वाट. मग संकेत एका वाटेने खाली उतरतो, दुसऱ्या वाटेने वर चढतो, पुन्हा खाली येतो आणि असा गोल गोल फिरत राहतो. किशोरवयीन मुलात नाडी अशा वेळी मिनिटास १८० ते २४० पर्यंत जाते; तान्ह्या बाळात त्याहूनही अधिक. जादा वाट असलेल्या काही मुलांच्या साध्या ईसीजीतही तिची खूण दिसते. लुई वोल्फ, जॉन पार्किन्सन व पॉल डडली व्हाइट यांनी १९३० साली या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून त्यास डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात जादा धागा नसतो, मात्र एव्ही नोडच्या परिसरातच एक जलद व एक संथ अशा दोन वाटा असतात आणि संकेत त्यांच्यात फिरत राहतो. हा प्रकार लहान बाळांपेक्षा मोठ्या मुलांत व किशोरवयीनांत अधिक आढळतो.

हे झटके बहुधा जिवावर बेतत नाहीत. अपवाद डब्ल्यूपीडब्ल्यूमधील काही वाटांचा. अलिंदांत अतिजलद, अनियमित कंप सुरू झाल्यास सर्वसाधारण एव्ही नोड बरेचसे संकेत अडवतो. जादा वाट मात्र ते जसेच्या तसे खाली सोडू शकते. तसे झाल्यास निलयांचाही ताल कोसळून अकस्मात मृत्यू येऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, परंतु त्यामुळेच वाट किती 'जलद' आहे हे तपासणे महत्त्वाचे ठरते.

अ‍ॅब्लेशनची वाटचाल

जादा वाट तोडण्याचे काम प्रथम शल्यचिकित्सकांनी केले. १९६८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी छाती उघडून एका मच्छीमाराच्या हृदयातील अशी वाट यशस्वीपणे छेदली. पुढे १९८२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील मेल्विन शाइनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीतून घातलेल्या तारेद्वारे विजेचा धक्का देऊन हृदयातील वहन बंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. धक्क्याची इजा मर्यादित ठेवणे कठीण होते. त्याची जागा रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जेने घेतली, आणि १९९१ साली वॉरेन जॅकमन यांच्यासह अनेक गटांनी तिचे उत्तम निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत जगभर रूढ झाली. बालकांवरील उपचारांची नोंद ठेवण्यासाठी अमेरिकेत त्याच सुमारास एक सामायिक नोंदवही सुरू झाली. आपल्याला उपलब्ध असलेली बरीच आकडेवारी तिच्यातून आलेली आहे.

प्रक्रियेत मांडीच्या सांध्यातील शिरेतून लवचिक तारा, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात. मुलांना बहुधा भूल दिली जाते. तारांच्या टोकांवरील विद्युताग्रांनी संकेतांचा नकाशा काढून जादा वाट शोधतात. मग टोकातून ऊर्जा सोडून तेथील पेशी तापवतात. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या वर पेशींची विद्युतक्षमता कायमची नष्ट होते आणि काही मिलिमीटर आकाराचा व्रण तयार होतो. दुसरी पद्धत क्रायोअ‍ॅब्लेशनची. तीत तापवण्याऐवजी गोठवतात.

पहिला प्रश्न : एव्ही ब्लॉक

वर म्हटल्याप्रमाणे निसर्गदत्त वाट एकच आहे. जादा वाट तिच्यापासून दूर, उदाहरणार्थ हृदयाच्या डाव्या बाहेरील भिंतीवर असेल, तर ती जाळताना एव्ही नोडला धोका जवळजवळ नसतो. परंतु ती दोन्ही बाजूंच्या मधल्या पडद्यात, नोडच्या शेजारी असेल, किंवा नोडच्या परिसरातील संथ वाट जाळावयाची असेल, तर व्रण नोडपर्यंत पोहोचण्याची शक्यता राहते. नोड ज्या त्रिकोणी जागेत असतो ती जागा मुलांमध्ये प्रौढांपेक्षा लहान असते. कॅथेटरचे टोक आणि व्रण मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत.

नोडचे वहन पूर्ण थांबले की अलिंदांचे संकेत निलयांपर्यंत पोहोचत नाहीत. निलये स्वतःच्या संथ गतीने धडकत राहतात. मुलास थकवा, चक्कर, धाप किंवा शुद्ध हरपणे असा त्रास होऊ शकतो. उपरोक्त नोंदवहीवर आधारित १९९६ सालच्या अहवालानुसार दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीचा ब्लॉक सुमारे १.२ टक्के प्रक्रियांत आढळला. ही सरासरी मात्र फसवी आहे. पडद्याच्या मध्यभागातील वाटांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे दहा टक्के होते, तर डाव्या बाहेरील भिंतीवर ते नगण्य होते. म्हणून 'धोका किती टक्के?' असे विचारण्याआधी 'वाट कोठे आहे?' असे पालकांनी विचारणे अधिक उपयोगी ठरते.

ब्लॉक बहुतेक वेळा प्रक्रियेच्या टेबलावरच लक्षात येतो आणि बऱ्याचदा तात्पुरता असतो, कारण नोड जळालेला नसून केवळ सुजलेला किंवा टोकाच्या धक्क्याने बधिर झालेला असतो. क्वचित तो काही तासांनी वा दिवसांनी, आणि फार क्वचित महिन्यांनंतर प्रकट होतो. यासाठीच टेबलावर क्षणिक ब्लॉक दिसलेल्या मुलाची पुढील तपासणी टाळू नये.

तो कायम राहिला तर पेसमेकर बसवावा लागतो. प्रौढात आणि बालकात येथे मोठा फरक पडतो. दहा वर्षांच्या मुलास पेसमेकर बसवला तर त्याला पुढील साठ-सत्तर वर्षे त्यासह जगावयाचे असते. बॅटरी संपली की यंत्र बदलावे लागते, तारा वाढत्या शरीराबरोबर ताणल्या जातात, कधी तुटतात, कधी जंतुसंसर्ग होतो. मूळ झटके वर्षातून दोन-चार वेळा येणारे व आपोआप थांबणारे असतील, तर त्यांच्या बदल्यात आयुष्यभराचा पेसमेकर हा महागडा सौदा होय. जाणकार डॉक्टर नोडच्या अगदी शेजारच्या वाटेला हात लावण्यापूर्वी थांबतात, कधी औषधांवर ठेवतात, आणि कधी वाट शोधूनही ती न जाळता प्रक्रिया संपवतात. असा निर्णय म्हणजे अपयश नव्हे, हे कुटुंबास समजावून सांगण्याची गरज असते.

धोका कमी कसा झाला?

नोडमधील दोन वाटांच्या प्रकारात सुरुवातीस जलद वाट जाळली जाई व ब्लॉकचे प्रमाण अधिक असे. १९९२ च्या सुमारास संथ वाट लक्ष्य करण्याची पद्धत आली. संथ वाट नोडपासून काहीशी खालच्या व मागच्या बाजूस असल्याने ब्लॉक घटले. ऊर्जा सोडताना ताल क्षणोक्षणी पाहिला जातो आणि वहनात जराशी दिरंगाई दिसताच ऊर्जा बंद केली जाते.

क्रायोअ‍ॅब्लेशनचा विशेष लाभ येथेच आहे. टोक प्रथम उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करतात. या तापमानाला पेशी तात्पुरत्या निष्क्रिय होतात. चुकून नोड थंड झाला असे दिसले तर थंडावा थांबवतात व काही क्षणांत वहन पूर्ववत होते. जागा योग्य असल्याची खात्री पटल्यावरच उणे ७० ते ८० अंशांपर्यंत नेऊन कायमचा व्रण करतात. गोठलेले टोक ऊतीला चिकटून राहते, त्यामुळे ते घसरण्याची भीतीही नसते. यामुळे मुलांमध्ये नोडजवळच्या कामासाठी ही पद्धत पुष्कळ ठिकाणी पसंत केली जाते. तिची उणी बाजू म्हणजे झटके परत येण्याचे प्रमाण रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा अधिक आढळते.

दुसरा प्रश्न : झटके परत येणे

नोंदवहीच्या आकडेवारीनुसार १९९१ ते १९९५ या काळात प्रक्रियेच्या वेळचे यश सुमारे ९०.४ टक्के होते, ते १९९६ ते १९९९ या काळात ९५.२ टक्क्यांवर गेले. सर्व प्रकारच्या गुंतागुंती ४.२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या. परंतु त्या दिवशीचे यश आणि कायमचे यश एकच नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाठपुराव्याच्या अभ्यासात, सुरुवातीस यशस्वी ठरलेल्या मुलांपैकी १०.७ टक्के मुलांत एका वर्षात वाट पुन्हा जागी झाली, आणि यांतील बहुतांश प्रकार पहिल्या दोन महिन्यांत घडले. उजव्या बाजूच्या व पडद्यातील वाटांत हे प्रमाण अधिक होते.

कारण असे की काही पेशी मेलेल्या नसून केवळ बधिर झालेल्या असतात. सूज उतरली की त्या पुन्हा संकेत वाहू लागतात. शिवाय नोडच्या शेजारी डॉक्टर जाणीवपूर्वक कमी ऊर्जा वापरतात, म्हणजे एव्ही ब्लॉक टाळण्याची किंमत काही अंशी पुनरावृत्तीच्या रूपाने मोजावी लागते. पुनरावृत्ती त्रासदायक असली तरी तिच्यावर पुन्हा प्रक्रिया करता येते. नष्ट झालेला नोड मात्र परत मिळत नाही. बालकांच्या बाबतीत डॉक्टर सावधपणाकडे का झुकतात याचे उत्तर यात आहे.

तिसरा प्रश्न : किरकोळ, पण भीतिदायक बदल

अ‍ॅब्लेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेक मुले 'ठोका चुकल्यासारखा वाटतो' अशी तक्रार करतात. व्रणाभोवतीच्या सुजलेल्या ऊतीतून सुटे जादा ठोके निघतात व बहुधा आपोआप कमी होतात. काहींना धडधड सुरू होईल असे वाटते, पण ती सुरू होत नाही. जादा ठोक्याने पूर्वी झटका पेटत असे. आता फिरण्याची वाटच उरलेली नसते.

काही मुलांत विश्रांतीच्या वेळचाही नाडीचा वेग वाढलेला राहतो. हृदयाला संथ ठेवणाऱ्या मज्जातंतूंचे काही धागे पडद्याच्या परिसरातून जातात. त्यांना इजा झाल्याने असे होते असे मानले जाते. हाही बदल सहसा काही आठवड्यांत ओसरतो.

ईसीजी तंत्रज्ञांच्या अध्यापकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. डब्ल्यूपीडब्ल्यूची वाट नष्ट झाल्यावर ईसीजीतील टी लहरी काही काळ उलट्या दिसू शकतात. निलये वर्षानुवर्षे वेगळ्या क्रमाने उद्दीपित होत होती, त्या सवयीची छाप काही आठवडे टिकते. तिला 'हृदयाची स्मृती' असे नाव आहे. पूर्वेतिहास माहीत नसल्यास हा आलेख हृदयविकाराच्या झटक्याचा वाटून गोंधळ उडू शकतो.

वयाचा प्रश्न

तान्ह्या बाळांत औषधांवर ठेवून वाट पाहण्याचे धोरण असते. एक तर अनेक बाळांतील जादा वाट पहिल्या वर्षात आपोआप निष्क्रिय होते. दुसरे म्हणजे, १९९४ साली कोकरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की लहान वयात केलेला व्रण शरीराबरोबर मोठा होत जातो. म्हणून सुमारे १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांत औषधे निष्फळ ठरली किंवा जिवाला धोका असला तरच अ‍ॅब्लेशनचा विचार केला जातो. आपल्या महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतात. किशोरवयात धोका कमी व यश अधिक असते, त्यामुळे झटके वारंवार येत असतील तर आयुष्यभर गोळ्या घेण्यापेक्षा हा उपाय बहुधा श्रेयस्कर ठरतो. अ‍ॅब्लेशननंतर झटके थांबलेली मुले सामान्यतः खेळ, शिक्षण, नोकरी व विवाह यांत इतरांसारखेच आयुष्य जगतात.

शिक्षकाने काय करावे?

१. अचानक सुरू व अचानक थांबणारी धडधड ही भीती समजून सोडून देऊ नये. शक्य असल्यास झटका चालू असतानाच नाडी मोजावी व जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. तो एक कागद पुढील वर्षांचा त्रास वाचवू शकतो.

२. विद्यार्थ्याचे अ‍ॅब्लेशन झाले असल्यास, वाट कोठे होती, पेसमेकर आहे काय आणि खेळास परवानगी आहे काय, एवढी माहिती पालकांच्या संमतीने नोंदवून ठेवावी. मांडीतील जखम भरेपर्यंत, म्हणजे सामान्यतः सुमारे आठवडाभर, जड श्रम टाळावेत. त्यानंतर डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर केवळ धास्तीपोटी त्यास मैदानाबाहेर बसवू नये.

३. प्रक्रियेनंतर शुद्ध हरपणे, वारंवार चक्कर येणे किंवा नाडी फारच संथ होणे या खुणा दिसल्यास त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी व्हावी. एखादा चुकलेला ठोका एवढ्यावरून धावपळ करण्याची गरज नाही, पण पुढील भेटीत तो डॉक्टरांना सांगावा. झटके पूर्वीसारखे परत आल्यास प्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावे.

४. विद्यार्थी कोसळला, हाक मारूनही उठत नाही व नीट श्वास घेत नाही, असे दिसल्यास कारणाचा शोध घेत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देण्यास लगेच सुरुवात करावी. प्रत्येक महाविद्यालयात किमान काही शिक्षकांना याचे प्रशिक्षण असणे आवश्यक आहे.

समारोप

अ‍ॅब्लेशनमुळे असंख्य मुलांची झटक्यांपासून सुटका झाली आहे. त्याचबरोबर या उपायाचे मुख्य तालविषयक धोके दोन आहेत : नोडला इजा होणे आणि वाट पुन्हा जागी होणे. एक टाळण्याचा प्रयत्न केला की दुसऱ्याची शक्यता थोडी वाढते, आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत तोल वेगळा साधावा लागतो. पालक अनेकदा हा निर्णय घाईत, अपुऱ्या माहितीवर किंवा केवळ भीतीपोटी घेतात आणि त्यापूर्वी ओळखीच्या शिक्षकाला विचारतात. शिक्षकाने डॉक्टरांची जागा घेऊ नये. परंतु वाट कोठे आहे, ती किती जलद आहे, ती न जाळल्यास काय होईल आणि जाळताना काय गमावण्याची शक्यता आहे, हे चार प्रश्न तो पालकांच्या हाती देऊ शकतो. त्या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांकडून मिळाल्यावर पालकांना आपल्या मुलाचा निर्णय समजून-उमजून घेता येईल.